खाडीत गळ टाकताना पोलराइज्ड गॉगल: काच करडी की तपकिरी?

प्रश्न: सकाळी खाडीत जिताड्यासाठी, दुपारी कातळावरून समुद्रात. एकच गॉगल घ्यायचा तर काच कुठल्या रंगाची? आणि दुकानात खरा पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चकाकी कापणारा, ओळखायचा कसा?

उत्तर: एकच असेल तर तपकिरी किंवा तांबूस. उथळ, गढुळलेल्या पाण्यात तळ आणि माशाची सावली उठून दिसते. करडी काच भर उन्हात खोल पाण्यावर छान, पण पहाटे अंधारी पडते. नुसत्या आरशासारख्या मुलाम्याला भुलू नका, तो उजेड कमी करतो, पाण्यावरची चकाकी कापत नाही.

उत्तर: दोन पोलराइज्ड गॉगल एकापुढे एक धरा, एक ९० अंशांत फिरवा. काच काळीकुट्ट झाली तर खरा. यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरण अडवण्याची खूण, मात्र वेगळं तपासा.

उत्तर: नजर पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करते तेव्हा चकाकी सर्वात जास्त कापली जाते. पायाशी सरळ खाली बघून ‘काही फरक नाही’ म्हणू नका. फ्रेम कानाकडे वळलेली हवी, नाहीतर बाजूने ऊन शिरतं. आणि खारं पाणी उडालं की आधी गोड्या पाण्याने धुवा. सदऱ्याच्या टोकाने कोरडंच पुसलंत तर मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात.