अनुभव धागा: काठी, समाधी, पादुका

सोलापूरकरांच्या अंगणात तीन गुरुस्थानं: सिद्धरामेश्वरांची यात्रा गावातच, अक्कलकोट हाकेच्या अंतरावर, गाणगापूर सीमेपलीकडं. रीत तिन्हीकडं वेगळी. सेवेत कुठं चुकतं आणि का, तेवढंच लिहा. साक्षात्कार नकोत, त्याला दुसरा धागा काढू.

उत्तर कसबा
संक्रांतीला अक्षता टाकायला येणाऱ्यांची दरवर्षी फजिती होते. भोगीच्या आदल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम. लग्न लागतं ते कुंभारकन्येचं, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी. सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, त्यासाठीच; मानाचा पहिला हिरेहब्बू या पुजारी घराण्याचा. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ कानावर पडल्याशिवाय मूठ उघडू नका. गर्दीत पुढचा टाकतोय म्हणून मागचाही टाकतो, आणि खऱ्या क्षणी हात रिकामे.

बाळीवेस
अक्षता आदल्या रात्रीच करा. वाटीभर अखंड तांदळाला अर्धा चमचा कुंकू, पाणी जेमतेम दोन चमचे. परातीत पसरून वाळवायच्या. ओल्याच पुडीत बांधल्या तर गोळा होतो आणि पांढऱ्या बाराबंदीवर (यात्रेतला बंदांचा अंगरखा) डाग पडतात ते वेगळेच.

जुळे सोलापूर
स्वामी समर्थ १८५६ मध्ये अक्कलकोटात आले आणि १८७८ च्या चैत्र वद्य त्रयोदशीला समाधिस्थ झाले. त्या दिवशी ३० एप्रिल होता, म्हणून काही जण ३० एप्रिललाच पुण्यतिथी करतात. ते नको, तिथी धरा. त्यातही मोबाईलमधलं पंचांग घात करतं. उत्तरेकडं महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडं अमावास्येला. तिकडच्या पंचांगात ‘चैत्र कृष्ण त्रयोदशी’ शोधलीत तर ती महिनाभर आधी, आपल्या फाल्गुन वद्यात सापडते. आपली तिथी तिथं ‘वैशाख कृष्ण’ म्हणून छापलेली असते. सेटिंगमध्ये ‘अमान्त’ निवडा, नाहीतर भिंतीवरचं कॅलेंडर बघा, ते बरं. आणि अक्कलकोटात वटवृक्ष मंदिरात हात जोडून परत फिरू नका. समाधी तिथं नाही, ती स्वामींचे शिष्य चोळप्पा यांच्या घराच्या जागी, समाधी मठात आहे.

होटगी रोड
सोलापुराहून अक्कलकोटला पायी जाणाऱ्यांसाठी: अंतर चाळीसेक किलोमीटर, ताशी चार धरले तर दहा तास. चैत्रात रात्री आठला निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचाल. सकाळी निघणाऱ्याचे तळवे दुपारच्या डांबरावर सोलून निघतात. नवी चप्पल नको.

भवानी पेठ
घरच्या पादुकांचं सांगते. पंचामृताचा क्रम दूध, दही, तूप, मध, साखर, प्रत्येकानंतर पाणी. साखर शेवटी का, तर ती चोळली की तुपाचा ओशटपणा निघतो. थंडीत तूप थिजून खाचेत बसतं, म्हणून धुवायला कोमट पाणी. पितळेला चिंच चालते, चांदीला नको, मुलामा असेल तर उडतो. मग मऊ फडक्यानं कोरडं करा. खाचेत ओल राहिली की तिथंच हिरवं धरतं.
गाणगापूरला हे काही नाही. नृसिंह सरस्वती तिथून श्रीशैलाकडं कर्दळीवनात गेले, मागं समाधी नाही, निर्गुण पादुका आहेत. त्यांना पाणी लागत नाही, केशर-अष्टगंधाचा लेप असतो. तांब्या घेऊन रांगेत उभं राहणाऱ्यांना पुजारी परत पाठवतात, आणि बरोबरच आहे.

बाळे
गाणगापूर रोड स्टेशनला उतरलात तर पुढं वीसेक किलोमीटर आहे. माधुकरी, म्हणजे झोळीत मागायची भिक्षा, दुपारी बाराच्या सुमारास. गाडी तशी धरा, आणि झोळी घरूनच न्या.