ऑक्सिमीटरवर ९८, तरी आईला जिना चढताना धाप लागते, असं का?

राजेंद्रनगरवाली:
इंदूरला राजेंद्रनगरात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई (वय ४७) हल्ली दुसऱ्या मजल्यापर्यंत येते न येते तोच कठडा धरून उभी राहते, छाती धडधडते, बोलताही येत नाही. कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर घरी आहेच, लावलं की ९७-९८. एक्स-रे पण क्लिअर. म्हणून बाबा म्हणतात टेन्शन घेते, बाकी काही नाही. फुफ्फुस ठीक, ऑक्सिजन ठीक, मग धाप कशाची? रक्ताशी काही संबंध असू शकतो का?

फिजिओवाल्या_मॅडम:
असू शकतो, सगळ्यात आधी हिमोग्लोबिन (रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा घटक) बघा. ऑक्सिमीटर एवढंच सांगतं की अंगात जे हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, मुळात ते आहे किती हे त्याला कळतच नाही. सिटी बसचं धरा, प्रत्येक बस गच्च भरून चाललीय पण रस्त्यावर बसच निम्म्या, मग माणसं निम्मीच पोचणार ना.
हिमोग्लोबिन १५ असेल तर एक लिटर रक्तात साधारण २०० मिली ऑक्सिजन मावतो, ७.५ असेल तर १००, आणि ऑक्सिमीटर दोघांनाही ९८च दाखवणार. बसल्या जागी शरीराला मिनिटाला २५० मिलीच्या आसपास लागतो, हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फिरवतं, म्हणजे ५०० मिली पोचला, भागतं. जिन्यावर मागणी कितीतरी पट वाढते, मग हृदय जोरात धावतं (तीच धडधड), तरी पुरलं नाही की स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठतं, ते मानेतल्या कॅरोटिड बॉडीला (रक्तातले असे बदल ओळखणारा छोटासा अवयव) कळतं आणि ती श्वास वाढवायला लावते. मानेतल्या ह्या यंत्रणेच्या शोधाला १९३८चं नोबेल मिळालंय, कॉर्नेय हेमन्स यांना. धाप खरी आहे हो, बाबांना हे वाचून दाखवा.

लष्करकर_ग्वाल्हेर:
आमच्या काकांचं वेगळंच होतं, दिवसा बरे, रात्री आडवे झाले की थोड्या वेळात उठून बसायचे, तीन उशा लागायच्या. हार्टचं पंपिंग कमी निघालं. डॉक्टरांनी सांगितलं की आडवं झालं की पायातलं रक्त छातीकडे येतं, हृदयाला ते पुढे ढकलता आलं नाही की फुफ्फुसात तुंबतं आणि पाणी झिरपायला लागतं. म्हणजे रक्त कमी असलं तरी धाप, तुंबलं तरी धाप. ताई, आईला झोपल्यावर त्रास होतो का, पाय सुजतात का, तेही बघा.

फिजिओवाल्या_मॅडम:
बरोबर. आणि हे तुंबणं ओळखणारे जे रिसेप्टर, म्हणजे मज्जातंतूंची संवेदक टोकं, फुफ्फुसात आहेत, जे-रिसेप्टर म्हणतात त्यांना, ते आपल्याच ऑतार सिंग पेंटल यांनी शोधले, दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. वर्गात हे सांगताना मला फार अभिमान वाटतो.

रक्तदाता_इंदूर:
मग रक्तदान केल्यावर धाप का लागत नाही? मी तर नेहमी करतो.

फिजिओवाल्या_मॅडम:
कारण अंगातल्या साधारण ५ लिटर रक्तातले ३५० नाहीतर ४५० मिलीच जातात. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशींना मात्र कित्येक आठवडे लागतात, म्हणून पुरुषांना ३ आणि बायकांना ४ महिन्यांचं अंतर. अपघातात दीड-दोन लिटर गेलं तर बीपी पडतं, अवयवांना रक्त पुरत नाही आणि श्वास मिनिटाला तिशीच्या वर जातो. तेव्हा पहिल्या रिपोर्टात हिमोग्लोबिन नॉर्मल येऊ शकतं बरं का, कारण पेशी आणि पाणी दोन्ही एकदमच गेलेलं असतं.

राजेंद्रनगरवाली:
सीबीसी (रक्ताची तपासणी) केला. हिमोग्लोबिन ७.८!! पाळीत खूप जास्त जातं म्हणाली, आम्हाला कोणाला कधी सांगितलंच नाही. झोपल्यावर त्रास नाही, सूज नाही. बाबा रिपोर्ट बघून गप्पच झाले.

फिजिओवाल्या_मॅडम:
फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी) करून घ्या आणि ह्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, नुसत्या लोहाच्या गोळ्या आणून सुरू करू नका, जातंय कुठून ते थांबवायला हवं. तोवर पाण्याच्या बादल्या, सिलिंडर तिला उचलू देऊ नका. बसल्या बसल्या धाप, छातीत दुखणं किंवा चक्कर, काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत न्या.