तीन कोपेकची दोन सोव्हिएत नाणी: एकावर १६ वेढे, दुसऱ्यावर १५. खोटं कुठलं?

ओझरकर:
बाबा गेल्यावर कपाट आवरताना बिस्किटांचा जुना डबा सापडला. ते ओझरच्या मिग कारखान्यात फिटर होते. तिथल्या एका रशियन इंजिनियरने १९६८ मध्ये मायदेशी परतताना त्यांना खिशातली चिल्लर देऊन टाकली होती, 'सीसीसीपी' (म्हणजे सोव्हिएत संघ) लिहिलेली २३ नाणी. त्यात तीन कोपेकची (कोपेक म्हणजे रूबलचा शंभरावा भाग) दोन, १९५६ आणि १९५७ची. पृथ्वीच्या गोलाभोवती कणसं आहेत, त्यांना फीत गुंडाळलीय. ५६वर तिचे १६ वेढे, ५७वर १५. भिंग लावून तीनदा मोजले. एका नाणेविक्रेत्याने बघताक्षणी सांगितलं, "एक डुप्लिकेट आहे, दोन्हीचे मिळून पन्नास देतो." आणि रशियात १९६१ला चलन बदललं ना? मग १९६८ साली ५६चं नाणं खिशात कसं?

चिल्लरकाका:
त्याला दोन्ही हवी होती, एवढं नक्की! वेढ्यांवरून तरी खोटं एकही नाही. एक वेढा म्हणजे सोव्हिएत संघातलं एक प्रजासत्ताक. जुलै १९५६ मध्ये कारेलो-फिनिश प्रजासत्ताकाचा दर्जा उतरवून ते रशियन प्रजासत्ताकात घातलं, सोळाची पंधरा झाली. ५७च्या नाण्यावरून एक वेढा गेला. १९३७ ते ४६च्या नाण्यांवर अकराच आहेत. साल झिजलं असेल तर मी वेढेच मोजतो.

आता खिसा. १ जानेवारी १९६१ला जुन्या दहा रूबलचा नवा एक झाला, पगार आणि भाव दोन्हींतलं एक शून्य गेलं. पण १, २ आणि ३ कोपेकची जुनी नाणी बदललीच नाहीत, त्यांवरच्या आकड्याच्याच किमतीला तशीच चालू ठेवली. आदल्या रात्री ज्याच्या बरणीत ती होती, त्याची चिल्लर सकाळी दहापट! ५ कोपेक आणि त्यावरची जुनी मात्र बाद. डबा उपसून बघा, ६१च्या आधीचं पाच, दहा, पंधरा, वीसचं एकही निघायला नको.

ओझरकर:
आत्ता उपसला. जुनी नऊ, सगळी १, २, ३ची. बाकी चौदा ६१ची किंवा नंतरची. म्हणजे खरंच चालू खिशातली चिल्लर होती ती! एक सांगायचं राहिलं, आईने चार नाणी चिंचेने घासून लख्ख केलीत.

जुना_बाजार:
अरेरे. उरलेली लपवा आधी! आणि वजन करा. या १, २, ३च्या नाण्यांत जितके कोपेक तितके ग्रॅम, तीनचं तीन ग्रॅम. १९५८ साल कुठे दिसतंय का? ती जवळजवळ सगळी वितळवली होती, म्हणून नकलाही त्याच सालाच्या जास्त.

ओझरकर:
५८ नाही. सोनाराकडे जाऊन आलो. ५६चं २.९६, ५७चं ३.०१. त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "पितळ आहे, मी घेणार नाही."