लष्करी गाडीत बेल्ट: वाचवतो की अडकवतो?

राऊचा_जावई
सासरे महूहून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. परवा खंडव्याला जाताना भेरूघाटात म्हटलं, "बाबा, मागे बसलात तरी बेल्ट लावा." तर म्हणाले, "फौजेत कधी लावला नाही. गाडी कलंडली तर उडी मारता आली पाहिजे." घाट संपेपर्यंत दारावरचं हँडल मुठीत घट्ट धरून बसले होते.

माझ्या मते हा समज जीवघेणा आहे. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०२१ मध्ये त्यांचं भूदल आणि मरीन कोअर (समुद्रमार्गे हल्ला करणारं वेगळं दल) यांच्या युद्धाबाहेरच्या वाहन अपघातांवर अहवाल दिला. २०१० ते २०१९ मध्ये ३,७५३ अपघात, १२३ जवान गेले. उलटलेल्या गाड्या साधारण पाव हिस्सा, पण ६३ टक्के मृत्यू त्यांतले. कलंडणाऱ्या गाडीतून उडी मारायला वेळच मिळत नाही. माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच गाडी त्याच्या अंगावर येते.

जुना_इन्फंट्रीवाला
जावईबापू, आकडे ठीक आहेत, पण तुम्ही त्या सीटवर बसलेला नाहीत. छातीवर जॅकेट, त्यावर मॅगझिनचे पाऊच, गुडघ्यांत रायफल. बक्कल हाताला लागत नाही. गोळीबार सुरू झाला की क्षणात बाहेर पडून आडोसा धरायचा असतो. इराकमध्ये हम्वी, म्हणजे अमेरिकी फौजेची मोठी जीप, कालव्यात उलटून जवान आत अडकले आणि बुडाले, हेही खरं आहे.

सिस्टर_इंदूर
काका, तुमच्या अनुभवाला नमस्कार करून सांगते. मी अपघात विभागात रात्रपाळी करते. गाडीबाहेर फेकले गेलेले पेशंट येतात, तेव्हा बहुतेकांची मान किंवा छाती चेचलेली असते. बेल्टवाल्यांच्या खांद्यावर पट्ट्याचा जांभळा वळ असतो. तो आठवड्याभरात जातो.

राऊचा_जावई
अडकण्याची भीती खोटी नाही, पण तिच्यावर इलाज सरावाचा. त्या कालव्यांच्या घटनांनंतर अमेरिकेत हम्वीची केबिन फिरत्या चौकटीवर बसवून जवानांसकट उलटी करायला लागले. उलटं लटकल्यावर आधी एक हात टपाला टेकवायचा, पाय रोवायचे, मगच बक्कल दाबायचं. नाहीतर सगळं वजन मानेवर येतं. टपावरच्या बंदुकीमागे उभ्या गनरला शेजारच्यांनी पाय धरून आत खेचायचं. अंधारातही हात आपोआप बक्कलवर जाईपर्यंत हे घोटून घेतात.

मालवी_मराठी
दोघांचंही अर्धंच पटतं. उघड्या जीपला वर लोखंडी कमान नसेल, तर बेल्टने बांधलेल्या माणसाचं डोकंच आधी जमिनीला लागणार. आणि थ्री-टन ट्रकच्या मागे, आडव्या बाकावर बसलेल्यांचं काय? तिथे ताडपत्रीचा दांडा धरून बसायचं. मग बेल्ट लावला नाही म्हणून जवानाला दोष का द्यायचा?

राऊचा_जावई
हे मान्य. कमान आणि बेल्ट जोडीनेच हवेत, बाकावरही. दोष जवानाचा नाहीच. त्या अहवालातही चालकाच्या दुर्लक्षाबरोबर देखरेखीतली ढिलाई आणि अपुरं प्रशिक्षण ही कारणं आहेत. गाडी हलण्याआधी सगळ्यांचे बेल्ट बघणं हे पुढे बसलेल्या कमांडरचं काम.

जुना_इन्फंट्रीवाला
सरावासकट असेल तर छावणीत आणि घाटात लावू. गोळीबाराच्या टप्प्यात मात्र माझं मत बदलणार नाही. सुभेदारसाहेबांना माझा रामराम सांगा. आणि सांगा, भेरूघाटात कुणी गोळ्या झाडत नाही, तिथे लावा.