शब्दचर्चा: सहा तारांच्या बँजोला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

गिटार वाजवणाऱ्यांना नवी बोटे न शिकता बँजोचा नाद मिळावा म्हणून एक वाद्य मिळते. त्याचे अंग बँजोचे, मान गिटारची, तारा सहा. लावायच्याही गिटारसारख्याच: ई, ए, डी, जी, बी, ई. इंग्रजीत त्याला बँजिटार, गिटजो, गँजो अशी नावे आहेत. मराठीत नुसते ‘बँजो’ लिहिले तर वाचक गणपतीच्या मिरवणुकीत जाऊन पोहोचतो. एकतारीच्या धर्तीवर ‘सहातारी’ चालेल का? त्याच्या भागांसाठी आपल्याकडे आधीच रुळलेले शब्द आहेत का?

प्रतिसाद १

आधी मिरवणुकीचा गुंता सोडवू. मुंबई-कोकणात ‘बेंजो पार्टी’त जो बेंजो असतो, तो मुळात बुलबुल तरंग. लांबट पेटीवर तारा ताणलेल्या, टाइपरायटरसारखी बटणे दाबली की तार पट्टीवर टेकते आणि दुसऱ्या हाताने छेडायची. त्याला पिकअप बसवून लाउडस्पीकरला जोडतात. तो आला जपानच्या ताइशोगोतोवरून. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये, ताइशो राजवट सुरू झाली त्या वर्षी, ते वाद्य बनवले. अमेरिकन बँजोशी त्याचे नाते फक्त नावाचे.

अमेरिकन बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचा. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसनने १७८१ च्या सुमारास व्हर्जिनियाविषयी लिहिताना ‘बांजार’ असा शब्द दिला आणि हे वाद्य त्यांनी आफ्रिकेतून आणले असे स्पष्ट म्हटले. त्या बँजोची ओळख म्हणजे कडीवर ताणलेला पडदा आणि त्या पडद्यावर उभी, तारा पेलणारी घोडी. बुलबुल तरंगात हा पडदाच नाही.

म्हणून लिहिताना एक सोपा भेद पाळावा: बटणांचा तो बेंजो, कातड्याचा तो बँजो. बोलण्यात दोन्ही उच्चार मिसळतात हे खरे, पण लेखनात हा भेद फार उपयोगी पडतो.

प्रतिसाद २

‘सहातारी’ नको. एकतारी नावात तारांची संख्या आहे, कारण ते वाद्यच एका तारेचे. इथे गिटारलाही सहाच तारा, म्हणजे नावाने काहीच वेगळे होत नाही.

‘बँजो-गिटार’ की ‘गिटार-बँजो’? मराठीत अशा समासात दुसरे पद मुख्य असते: ‘पोळपाट’ हा पाट, ‘देवघर’ हे घर. तसे ‘बँजो-गिटार’ म्हटले की एक प्रकारची गिटार वाटते. पण आवाज ठरवणारे अंग बँजोचे आहे, म्हणून गिटार-बँजो बरोबर. लिंगही त्यावरच ठरते: ती गिटार, तो बँजो, म्हणून तो गिटार-बँजो.

‘गँजो’ मराठीत घेऊ नये. उच्चार गांजाच्या फार जवळ जातो आणि लहान मुलांच्या शिकवणीच्या जाहिरातीत तो शब्द कोणी छापणार नाही.

हे नवे खूळ आहे असेही समजू नये. अमेरिकन गायक पापा चार्ली जॅक्सनने १९२४ पासून याच वाद्यावर ब्लूज ध्वनिमुद्रित केले. लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ या जॅझ वादकांच्या चमूत १९२५ पासून जॉनी सेंट सिर सहा तारांचाच बँजो वाजवत होता. कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट यांच्या शेजारी साधी गिटार ऐकूच गेली नसती.

प्रतिसाद ३

भागांचे शब्द आपल्याकडे तयार आहेत, फक्त योग्य वाद्याकडून घ्यायला हवेत.

पान. ढोल-ताशा पथकात वाद्याच्या तोंडावर ताणलेल्या आवरणाला ‘पान’ म्हणतात, मग ते कातड्याचे असो की प्लॅस्टिकचे. तोच शब्द इथे चपखल. तबल्याची ‘पुडी’ नको, पुडीत शाई आणि चाट येतात. गिटार-बँजोचे पान बहुधा ११ इंची, प्लॅस्टिकचे असते. खऱ्या कातड्याचे असेल तर पावसाळ्यात सैल पडते, प्लॅस्टिकचे तसे पडत नाही.

कडी आणि आकडे. पान दाबून धरणारी धातूची कडी, तिला खाली ओढणारे आकडे, त्यांना खालून नट. चांगल्या वाद्याला २४ आकडे असतात, स्वस्तात १६. पान ताणताना समोरासमोरच्या जोड्या घ्याव्यात आणि प्रत्येक नट एकावेळी अष्टमांश फेराच फिरवावा. एकाच बाजूने आवळत गेलात तर कडी तिरकी बसते आणि पान फाटते. प्रत्येक आकड्याजवळ बोटाने टिचकी मारावी, सगळीकडे एकच स्वर यायला हवा, जी किंवा जी शार्पच्या आसपास. पान सैल राहिले तर घोडी आत रुतते, तारा मानेवरच्या पडद्यांना (स्वरांच्या आडव्या पट्ट्यांना) घासून झणझणतात आणि आवाज मठ्ठ होतो.

घोडी. सतारीची घोडी तशी ही घोडी, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी: ही चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. म्हणून सगळ्या तारा एकदम काढू नयेत, एकेक बदलावी. जागा ठरवायची रीत अशी: मेरूपासून (मानेच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) १२ व्या पडद्यापर्यंत अंतर मोजा, तेवढेच पुढे घोडीपर्यंत ठेवा. तारेची लांबी २५.५ इंच असेल तर हे अंतर १२.७५ इंच. मग १२ व्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर घोडी शेपटाकडे सरकवा, उतरला असेल तर मानेकडे. जाड तारांची बाजू दोन-तीन मिलिमीटर मागे, म्हणजे घोडी किंचित तिरपी ठेवावी लागते. हे न केल्याने ‘वाद्यच बेसूर आहे’ अशी तक्रार होते.

शेपूट. तारा मागे अडकवायची पट्टी. काहींत टोकाला फास असलेल्याच तारा बसतात, काहींत गिटारच्या, टोकाला मणी असलेल्याही. तारा घेण्याआधी पाहून घ्या.

‘पडदा’ शब्दाबाबत सावध राहावे. सतारीत पडदा म्हणजे स्वराची आडवी पट्टी. म्हणून कातड्याला पडदा म्हणू नये, पानच म्हणावे, नाहीतर वरचा परिच्छेद कोणालाच कळणार नाही. (प्रतिसाद १ मध्येही ते बदलायला हवे.)

प्रतिसाद १ कडून

मान्य. ‘कडीवर ताणलेले पान’ असे वाचावे.

विचारणाकर्ता

भागांचे शब्द उत्तम. पण गिटारवरची गाणी तशीच वाजवली की खालच्या स्वरांच्या जाड तारा गढूळ का वाजतात? आणि पाच तारांच्या बँजोचा तो सतत टणटणणारा वरचा स्वर यात का नाही?

प्रतिसाद ४

दुसऱ्या प्रश्नासाठी सतारीचा शब्द आहे: चिकारी. पाच तारांच्या बँजोची पाचवी तार आखूड असते. ती मानेच्या मध्ये, पाचव्या पडद्यापाशी सुरू होते आणि वरच्या जीला लागलेली असते. अंगठा तिच्यावर चिकारीसारखा परत परत येतो. गिटार-बँजोत ती नाही, म्हणून नाद बँजोचा असला तरी चाल गिटारची वाटते.

हवी असेल तर करता येते. पाचवी तार (ए) काढून तिथे ०.००८ किंवा ०.००९ इंच जाडीची बारीक तार लावा आणि वरच्या जीपर्यंत चढवा. पहिली तार ई वरून डी वर उतरवा. आता पाचव्या तारेपासून जी, डी, जी, बी, डी मिळाले. सहावी काढून टाका किंवा वाजवू नका. अडचण एकच: मेरूची खाच जाड तारेसाठी रुंद असते, त्यात बारीक तार हलून खरखरते. खाचेत कागदाची घडी घालून आधी पाहा, पटले तर नवा मेरू करून घ्या.

गढूळपणाचे कारण पानात आहे. पान हलके, तारेची शक्ती झटकन आवाजात उडून जाते. सरोदाला कातडे असते म्हणून त्याचा ठोका स्पष्ट, तसेच हे. पण ११ इंची पानावर ८२ हर्ट्झचा खालचा ई नीट उभा राहत नाही, नुसता घुमतो. उपाय: ०.०१० पासून सुरू होणारा हलका संच लावा. ०.०१३ चा लावू नका, मानेवर ताण येतो आणि घोडी पान दाबते. घोडीखाली, पानाच्या मागच्या बाजूला आणि आतल्या दांडीच्या मध्ये स्पंजचा तुकडा अडकवा. सहाही तारांवर हात झाडण्याऐवजी बारीक चार तारांवर तीन-चार स्वरांचे कॉर्ड धरा आणि अंगठा तिसऱ्या-चौथ्या तारेवर ठेवा. बाकी काही न बदलता एवढ्यानेच निम्मा गढूळपणा जातो.

प्रतिसाद २ कडून

मग नोंद अशी करू या:

*गिटार-बँजो (पु.): पानाच्या अंगाचे, गिटारच्या मानेचे सहा तारांचे वाद्य, लावणी गिटारसारखी. चिकारी नसते.*

यातल्या ‘लावणी’ऐवजी ‘स्वरजुळणी’ घालावे. लावणी म्हटले की वाचक तमाशाच्या फडात जाईल.