रात्री फ्रीज बंद ठेवून बिल कमी होतं का?

काहीजण म्हणतात की रात्री फ्रीज बंद ठेवला की बिल कमी येतं, पण तसं फारसं होत नाही हो, आत गार झालं की थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा भाग) कॉम्प्रेसर, म्हणजे गार करणारी मोटर, आपोआप थांबवतोच आणि सकाळी सगळं परत गार करायला कॉम्प्रेसर कितीतरी वेळ सलग चालतो, शिवाय दूध नासायची भीती. त्यापेक्षा दाराचं रबर बघा, दारात नोट अडकवून ओढायची, सहज निघाली तर गारवा तिथूनच जातोय, बऱ्याचदा नुसती घाण बसलेली असते, साबणाच्या कोमट पाण्याने पुसून घ्या. खर्च काढायचा तर फ्रीजवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट असतात, २४० म्हणजे महिन्याला २०. महावितरणचा दर १०० युनिटच्या पुढे बराच चढतो, काठावर असाल तर हे २० खरंच जाणवतात.