एकाच साइटवर दोन थीम (साइटची रूपं) चालतात का? संत्र्याची वेगळी, कापसाची वेगळी

संत्रावाला_वरुड
राम राम मंडळी. आमच्या शेतकरी गटाची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवाच्या सॉफ्टवेअरवर, मीच बनवून राह्यलो, बाकी कोणाले येत नाही. संत्रावाल्यायले नारंगी रंग अन मोठे फोटो पाह्यजे, आंबिया बहार मृग बहार या दोन हंगामायचं वेगळं पान, अन कापूसवाले म्हणतात फोटो नको भाऊ भावाचा तक्ता दाखव फक्त. म्हणून थीम बदलणारं प्लगिन (जोड-प्रोग्राम) टाकलं, वर बटनही देलं की पाहणाऱ्यानं आपली थीम निवडावी. आता नारंगी थीमवर मेनूच गायब, खालचा फोन नंबर गायब, अन होमपेज कधी नारंगी कधी पांढरं. काहून होते हे?

कोडवाला_भौ
मेनू गायब होणारच न बे. वर्डप्रेस एका साइटले एकच थीम चालू धरते, अन कोणता मेनू कुठं बसवला हे त्या थीमच्या नावानं साठवते, दुसरी थीम आली की तिची पाटी कोरी. होमपेजचं म्हणशील तर कॅशिंग चालू असंन, म्हणजे एकदा बनलेलं पान साठवून तेच सगळ्यायले दाखवणं. कॅश पत्त्यावरून पान साठवते, पयले जो आला त्याची थीम सगळ्यायले दिसते. बटन काढून टाक पयले, शेतकरी भाव पाहाले येते, रंग निवडाले नाही.

जुना_जूमलावाला
जूमला या वर्डप्रेससारख्याच सॉफ्टवेअरमध्ये हे मुळातच आहे, टेम्प्लेट स्टाइल, म्हणजे रूपाचा एक प्रकार, बनवायची आणि मेनूतल्या एकेका आयटमला लावायची, बस. तसल्याच ड्रुपलमध्ये पण कोणत्या पानाला कोणती थीम हे कोडमधून ठरवता येतं. पण तेवढ्यासाठी चालू साइट हलवू नका, मी एकदा हलवली होती, दिवाळी गेली त्यात.

आर्वीकर
मल्टिसाइट करा की, म्हणजे एकाच वर्डप्रेसमध्ये अनेक साइट. २०१० पासून, म्हणजे ३.० पासून वर्डप्रेसमध्येच आहे, संत्र्याची एक साइट कापसाची एक, प्रत्येकीला आपली थीम, लॉगिन मात्र एकच. फोटो वेगळे राहतात, इकडचा तिकडं आपोआप दिसत नाही.

कोडवाला_भौ
एकटा माणूस हाय तो, दोन साइट कोण सांभाळंन? एकच थीम ठेव, तिची चाइल्ड थीम (तिच्यावर बसणारी आपली छोटी थीम) बनव, अन रंग सीएसएसनं, म्हणजे रंगरूप ठरवणाऱ्या कोडनं, बदल. संत्र्याच्या मुख्य पानाखालच्या पानायच्या बॉडीले (पानाच्या कोडातल्या मुख्य भागाले) parent-pageid वाला क्लास (नावाची खूण) लागते, म्हणजे पेरेंट-पेजआयडी, पुढं त्या पानाचा नंबर. त्यावर नारंगी लाव.

संत्रावाला_वरुड
केलं भौ, मेनू आला, नंबरही आला! पण मृग बहाराच्या आत जे फवारणीचं पान हाय ते पांढरंच.

कोडवाला_भौ
तो क्लास फक्त लगेच वरच्या पानाचा नंबर सांगते, आजोबाचा नाही. चाइल्ड थीममध्ये संत्र्यासाठी एक पेज टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, बनव, सगळ्या संत्र्याच्या पानायले तेच निवड, त्याचाही क्लास बॉडीले लागते, नारंगी त्यावर लाव. कापसाचा तक्ता दुसऱ्या टेम्प्लेटात टाक.

संत्रावाला_वरुड
लाइट गेली हो आत्ताच, मोबाइलवरून टाइपून राह्यलो. आली की करतो.